दुसरं पोतं

गेल्या सोमवारी तुला बसवून आलो, अप्पा. आमच्यात माणूस गेला की जाळतात, तुमच्यात मातीत बसवतात. सगळा जन्म उदगिरात गेला, तुमच्या किती तरी माणसांच्या मातीला गेलो, त्यामुळे हे मला ठाऊक होतं. पण तुला खाली मांडी घालून बसलेलं पाहिलं तेव्हा ते पहिल्यांदा नीट दिसलं. कपाळभर भस्म, गळ्यात हार, पाठ ताठ. मैदानाच्या कडेला पोतं अंथरून कबड्डी बघायला बसायचास, अगदी तसाच. स्वामींनी बेल वाहायला सांगितला. मी वाहिला, आणि माझ्या डोक्यात काय आलं सांगू? बिलोलीच्या सामन्याला कुठल्या बाजूला बसायचं ते ठरवायचं राहिलं, हे आलं. लोक रडत होते आणि मी तुझ्यावर चिडलो होतो.

चिडणार नाही तर काय करणार? आदल्या संध्याकाळी तू माझ्या शिलाईच्या दुकानात त्या लाकडी स्टुलावर बसून चहा पीत होतास. येत्या रविवारी बिलोलीला आपल्या मंडळाची गाठ नांदेडच्या संघाशी, आणि नांदेडकडून बालाजी खेळणार. त्याचा हा शेवटचा हंगाम. आठ वर्षांपूर्वी आपल्या मंडळातून नांदेडला गेलेला बालाजी, ज्याला अजून उदगिरात पोरंसोरं गद्दार म्हणतात. तू मला म्हणालास, "टेलर, एक डाव माझ्या बाजूला येऊन बस की." मी म्हणालो, "तूच ये आमच्याकडं. मंडळ तुझंबी हाय." तू कप खाली ठेवलास, उपरणं खांद्यावर टाकलंस आणि उद्या ठरवू म्हणून उठलास. पहाटे तुझ्या पोराचा, गुरुनाथचा फोन आला. वाद अर्धा टाकून उठायची तुझी सवय जुनीच होती, पण या वेळी तू कमाल केलीस.

खरं तर तू संघ कधी पाहिलाच नाहीस. तू माणूस पाहायचास. टीव्हीवर क्रिकेट लागलं की तुझा एक फलंदाज ठरलेला. तो बाद झाला की तू टीव्ही बंद करायचास, मग धावा किती का राहिलेल्या असेनात. आपला माणूस गेला, आता काय बगायचं, म्हणायचास. मी तुझ्या घरून उठून तणतणत माझ्या घरी जायचो आणि उरलेला सामना शेवटच्या चेंडूपर्यंत बघायचो. भजनाला गेलास तर एका पखवाजवाल्यासाठी. भाजी घेतलीस ती आयुष्यभर एकाच बाईकडून. वांगी किडकी निघाली आणि वहिनी बोलल्या, तर तुझं उत्तर तयार, "वांगी किडकी हायत, बाई न्हाई."

मी पडलो शिंपी, तुकडे जोडून पोट भरणारा. एकटी बाही कितीही सुरेख बेतली तरी तिला कुणी सदरा म्हणत नाही, हे मी तुला शंभरदा ऐकवलं असेल. गडी येतात, गडी जातात, मंडळ राहतं. माझ्या तरुणपणापासून मंडळाच्या जर्सी मी शिवत आलो. त्यातले कितीक गडी पुढं म्हातारे झाले, काही तर गेलेही, पण पिवळा रंग तोच आहे. तू शेंग फोडत माझं सगळं ऐकून घ्यायचास आणि मग म्हणायचास की बाहीच न्हाई बसली तर तुझा सदरा घालून दाव.

तुझं बारदानाचं दुकान मोंढ्यात. आयुष्यात किती पोती तुझ्या हाताखालून गेली ते देव जाणे, पण दोन तू वेगळी काढून ठेवली होतीस. साखरेची, जाड विणीची, धुऊन धुऊन मऊ पडलेली. सामना असला की तू मोटारसायकल काढायचास, मी मागं, मांडीवर ती दोन पोती आणि खिशात भाजलेल्या शेंगा. हिमायतनगरपासून निलंग्यापर्यंत कुठलं मैदान आपण सोडलं नाही. पोचल्यावर तू आधी माझं पोतं अंथरायचास, हातानं खडे बाजूला करायचास, मग स्वतःचं. पुढं मंडप आले, खुर्च्या आल्या, जुने कार्यकर्ते म्हणून पहिल्या रांगेत बसायचा मान मिळाला. तू एकदाही बसला नाहीस. खुर्चीवरून गड्याचे पाय दिसत नाहीत आणि कबड्डी पायांत असते, असं तुझं म्हणणं. तुझ्यापायी मलाही कधी खुर्ची मिळाली नाही.

बालाजी तुला पायांवरूनच सापडला. सतरा-अठराचा असेल, शाळेच्या मैदानावर चढाई करत होता. तू माझं मनगट धरलंस आणि सामना संपेपर्यंत सोडलं नाहीस. मग तो मंडळात आला, सात नंबरची जर्सी त्याची झाली, आणि सहा वर्षं आपण दोघंही एकाच वेळी खूश असायचो. तुझा गडी आणि माझं मंडळ एकाच मैदानात एकाच बाजूला. तेवढे दिवस आपला वाद नुसता चवीपुरता होता.

मग ती फायनल. शेवटच्या चढाईत तिघांनी त्याला धरलं, गुडघा फिरला, तरी तो सरपटत मध्यरेषेला हात लावून आला. आपण जिंकलो आणि त्याला चौघांनी उचलून नेलं. पुढचं तुला मी सांगितलं ते खोटं होतं, अप्पा. आता तू मध्येच उठून जाऊ शकत नाहीस, तर ऐक.

पुढच्या हंगामाआधी मंडळाच्या बैठकीत बारा जणांची यादी करायची होती. बालाजीला नांदेडला वर्कशॉपमध्ये काम लागलं होतं. गुडघा अजून सुजत होता. पण त्यानं निरोप धाडला होता की दोन महिने द्या, दर शनिवारी सरावाला येतो, मला खेळायचंय. सचिव म्हणाले, नाव काढायचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी हात वर करा. पाच हात वर गेले, पाच खाली राहिले. अकरावा मी. मंडळ मोठं का गडी मोठा, असं काहीतरी मी म्हणालो आणि हात वर केला. तो हात वर केला याचं मला अजूनही फारसं वाईट वाटत नाही. त्या वेळी मला जे बरोबर दिसलं ते केलं. चूक आठ दिवसांनी झाली.

तू दुकानात आलास. नव्या जर्सींचा ढीग काउंटरवर होता. तू सात नंबरची उचललीस, छातीवर विती टाकून मापलीस. कपड्यातलं तुला काही कळत नसे, तरी कळतं असं वाटायचं. त्या दिवशी नेमकं कळलं.

"हे बालाजीचं माप न्हाई."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढायला जेवढा वेळ लागला तेवढाच मला मिळाला. म्हणालो, "त्यानंच नाव काढून घेतलं म्हणं. नांदेडकडून खेळणार हाय."

तू जर्सीची घडी घातलीस, माझ्यापेक्षा नीट घातलीस, आणि ढिगावर ठेवलीस. मला वाटलं आता तू त्याला चार शिव्या घालशील, मग मी म्हणेन जाऊ दे, आणि विषय मिटेल. तू म्हणालास, "गेला तर गेला. असंल काई तरी." आणि नांदेडची पहिली गाडी किती वाजता सुटते ते विचारलंस.

माझं ते वाक्य महिन्याभरात गावभर झालं. दोन महिन्यांनी गुडघा बरा झाला आणि नांदेडच्या संघानं बालाजीला खरंच घेतलं, तेव्हा खोट्याचं खरं होऊन बसलं. मी स्वतःला समजावलं की आता सांगून काय उपयोग. माणसाला स्वतःला समजवायला फार लागत नाही.

त्यानंतर आपले सामने वाटले गेले. मंडळाच्या सामन्यांना आपण जोडीनं जायचो आणि नांदेडला तू एकटा. मुखेडवरून जाणाऱ्या सकाळच्या गाडीनं जायचास, संध्याकाळी अंग आंबवून परत यायचास आणि घरी जायच्या आधी माझ्या दुकानात यायचास. काय झालं, मी विचारायचो. बालाजीनं सहा गुण काढले, तू सांगायचास. जिंकलं कोण? ते बगितलं न्हाई. आणि हे तू थट्टेनं म्हणत नव्हतास. दोन्ही पोती घेऊन जायचास. पहाटेच्या एसटीत गार वारा लागतो, एक पांघरायला नेत असशील, असं मी धरून चाललो होतो. विचारलं मात्र कधी नाही.

तीन वर्षांपूर्वी नांदेडचा संघ उदगीरला आला तो दिवस मला पुसून टाकायचा आहे. बालाजी मैदानात उतरला आणि आपल्या बाजूनं गद्दार, गद्दार सुरू झालं. तू आपल्याच लोकांत बसला होतास. उठून उभा राहिलास आणि टाळ्या वाजवायला लागलास. एकट्याच्या टाळ्या किती विचित्र वाजतात. मागून कुणीतरी म्हाताऱ्याला खाली बसवा म्हणालं. मी तुझ्या शेजारी, जमिनीकडं बघत. एक वाक्य बोललो असतो तर तो शब्द तिथंच थांबला असता. एका गुणानं आपण हरलो. तू सरळ मैदानात गेलास आणि उपरण्यानं त्याच्या गुडघ्यावरची माती पुसलीस. मी माझं पोतं गुंडाळलं आणि पायी घरी निघालो. तू मोटारसायकल घेऊन मला गाठलंस, बस म्हणालास, आणि दारापर्यंत सोडलंस.

सांगायचा प्रयत्न मी एकदा केला होता. देगलूरहून परत येताना, चालत्या गाडीवर, तुझ्या पाठीला. सगळं बोललो, हात वर केल्यापासून टाचण्यांपर्यंत. वारा होता, तुला ऐकू गेलं नाही. गाडी हळू करून काय म्हणलास म्हणून विचारलंस. काई न्हाई, बेतानं चालव म्हणलं, असं सांगून मी शेंगा पुढं केल्या. तोंडावर सांगायची माझी छाती नव्हती. तू चहाला येणं थांबवशील ही भीती होती. बायको गेल्यापासून मला दिवसभरात नाव घेऊन हाक मारणारा तूच होतास. नाव तरी कुठं, टेलर म्हणायचास. पण ती हाक माझी होती.

सोमवारी बालाजी आला होता. गाडी चुकली म्हणून उशिरा पोचला, तोवर माती ओढून झाली होती. त्यानं वाकून मूठभर माती टाकली, गुडघा धरून सरळ झाला, आणि माझ्या मागं मागं दुकानात आला. तुझ्या स्टुलावर बसला नाही, उभा राहिला. मी दुसरी खुर्ची दिली. चहा आला. माझ्याच्यानं राहवलं नाही. ज्याला सांगायचं तो गेला होता, निदान ज्याचं नुकसान केलं त्याला तरी सांगावं.

"बालाजी, यादीतून तुझं नाव काढलं तवा शेवटचा हात माझा व्हता. आन् तूच सोडून गेलास असं अप्पाला म्याच सांगितलं."

"म्हाईत हाय, टेलरमामा," तो म्हणाला.

त्याला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. बैठकीतल्याच कुणीतरी कानावर घातलं होतं. आणि तू नांदेडला पहिल्यांदा गेलास त्या दिवशी सामना संपल्यावर त्याला बाजूला घेऊन विचारलंही होतंस की मंडळ कामून सोडलंस बाबा. तो खरं सांगणारच होता. गावभर तोंड काळं झालं होतं त्याचं, का सांगू नये? मी त्याला विचारलं, मग का नाही सांगितलंस. त्यानं कप खाली ठेवला.

"त्यायनी दोन पोती हातरली व्हती, मामा. एकावर सोता, दुसरं मोकळं. गर्दी लई व्हती. कुनी बसाय आलं की म्हणायचे, येऊन राहिलाय तो, गाडी लेट झाली. ते पोतं बगितलं आन् माजी जीभच उचलंना. म्हणलं, हाव अप्पा, मीच सोडलं."

दर वेळी अंथरायचे का, मी विचारलं. दर बारी, तो म्हणाला. आठ वर्षं.

मी कात्री उचलली आणि समोर पडलेलं कापड उगाच कापत बसलो. कुणाची तरी विजार होती ती, वाया गेली. जाताना बालाजीनं तुझ्या स्टुलाला हात लावून नमस्कार केला आणि रविवारी या म्हणाला.

तेव्हापासून मी एकच गोष्ट घोळवतोय. तू म्हणायचास माणूस बघ. मी म्हणायचो मंडळ बघ. आणि तो ज्याला आपण दोघं बघत होतो, तो मैदानातून आपली पोती बघत होता. माझ्या खोट्याचं ओझं त्यानं आठ वर्षं वाहिलं, गद्दार म्हणवून घेतलं, कशासाठी, तर दोन म्हाताऱ्यांचा संध्याकाळचा चहा बंद पडू नये म्हणून. तुझी पारख बरोबर निघाली, अप्पा. वाद तू जिंकलास. आणि हे ज्याला सांगावं, जो ऐकून शेंग फोडत नुसता हसला असता, तो एकच माणूस होता. बुधवारी चहावाल्यानं सवयीनं दोन कप ठेवले. दोन्ही प्यालो.

गुरुवारी मंडळानं तुझी शोकसभा ठेवली. फळ्यावर लिहिलं होतं, मंडळाचे निष्ठावंत कार्यकर्ते. तू वाचून पोट धरून हसला असतास. सचिवांनी मला दोन शब्द बोला म्हणून उठवलं. मी म्हणालो, अप्पा मंडळाचा निष्ठावंत नव्हता, बालाजीचा होता. आणि बालाजीनं मंडळ सोडलं नव्हतं. आपण त्याला काढलं, त्यात माझा हात होता, आणि तो सोडून गेला ही आवई मी उठवली. एकानं घड्याळ बघितलं. मग श्रद्धांजलीला सगळे उभे राहिले. बाहेर पडताना माझ्याबरोबर कुणी चाललं नाही, एरवी चौकापर्यंत चार जण असतात. शुक्रवारी मंडळाकडून निरोप आला आणि नव्या जर्सींचं पिवळं कापड दुकानातून उचलून दुसऱ्या टेलरकडं गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या फळीवर पिवळा रंग नाही. हे तुझ्या हयातीत करायला हवं होतं, हे मला कळतं. तुझ्या माघारी खरं बोलायला फार मोठी छाती लागली असं मी म्हणणार नाही.

तुला काही कळलं होतं का, हे मात्र मला कधीच कळणार नाही. बालाजी म्हणतो, शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. मग तू माझ्यावर विश्वास ठेवून गेलास. आणि ठाऊक असेल, तर ठाऊक असून पोतं अंथरत राहिलास. दोन्हीतलं कुठलं बरं ते मला ठरवता येत नाही. तुझे आभार मानायचे राहिले एवढं खरं. माफी मागायचीही राहिली. तू असतास तर दोन्ही मी केलं नसतं, हेही तितकंच खरं.

उद्या बिलोली. गुरुनाथनं तुझी मोटारसायकल देऊ केली. मला गाडी चालवता येत नाही हे त्याला माहीतच नव्हतं, एवढी वर्षं मी मागंच बसलो. एसटीनं जाईन, देगलूरला गाडी बदलावी लागेल. पोती त्यानंच आणून दिली, तुझ्या दुकानातल्या खुंटीवरून काढून. सकाळी धुऊन वाळत घातली होती, आता घडी घालून पिशवीत ठेवली. शेंगा भाजून झाल्यात, पण तुझ्या हातच्यासारख्या नाहीत, काही करपल्या.

मी नांदेडच्या बाजूला बसणार आहे. लगेच खूश होऊ नकोस. मनातून मला अजून आपलं मंडळच जिंकावंसं वाटतं, पिवळी जर्सी बघितली की मान आपोआप तिकडं वळते, या वयात ते काही बदलायचं नाही. पण डोळे त्याच्या पायांवर ठेवीन. घरी आल्यावर कुणी विचारलं की जिंकलं कोण, तर बघितलं नाही म्हणायचा प्रयत्न करीन. विचारणारं अर्थात कुणी नाही.

आधी तुझं अंथरीन, खडे काढून. मग माझं. बिलोलीला गर्दी असते, जागेवरून लोक भांडतात. कुणीतरी येऊन त्या मोकळ्या पोत्याकडं बोट करीलच, की काका, इथं कुणी हाय का?

हाय म्हणीन. येऊन राहिलाय तो, गाडी लेट झाली.